समुद्रावरची प्रेमकथा आणि हिशेबाची वही

मैत्रिणींनो, समुद्र, लढाई आणि प्रेम या तीन गोष्टी एकत्र आल्या की कादंबरी कशी रंगते हे तुम्हांला वेगळं सांगायला नकोच. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, तासभर निवांत मिळाला की अशी कादंबरी हातातून सुटत नाही. शिडाची जहाजं, तोफांचा धूर, किनाऱ्यावर डोळ्यांत पाणी आणून उभी असलेली नायिका आणि शेवटच्या प्रकरणात परत आलेला तो! मलाही त्या आवडतात. बी. ए.ला मी इतिहास घेतला तो काही सनावळ्यांच्या प्रेमाने नव्हे, असल्या गोष्टींच्या ओढीनेच.

पण या कादंबऱ्यांत एक गोष्ट कधीच नसते, तुमच्या लक्षात आलंय का? पैसा. नायिका पाच वर्षं वाट बघत उभी राहते, पण त्या पाच वर्षांत तिच्या घरातला पिठाचा डबा कोण भरतं? नायक लढाईत पडला, तर त्याचं घरदार कोणाच्या नावावर होतं? लेखक सांगत नाही, आणि डोळे पुसण्याच्या नादात आपणही विचारत नाही.

म्हणून आज मी तुम्हांला एक खरी घडलेली गोष्ट सांगणार आहे. तिच्यात समुद्र आहे, लढाई आहे, तीन लग्नं आहेत, आपला अलिबागचा कुलाबा किल्ला आहे. आणि पैशाचा हिशेब मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आहे.

तुम्ही म्हणाल, बदलापूरच्या बाईला समुद्राचं काय घेणं? आमच्याकडे आहे ती पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारी उल्हास नदी. पण हीच उल्हास पुढे कल्याणला जाऊन खाडीला मिळते. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर थोड्याच काळात या खाडीत स्वराज्याची लढाऊ जहाजं बांधायला काढली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. त्या आरमाराचा वारसा पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्याकडे आला, आणि माझ्या गोष्टीतली मुलगी सापडली ती त्यांच्याच जहाजांच्या हाती. तेव्हा नातं अगदीच लांबचं नाही.

तिचं नाव कॅथरीन कुक. तिची हकिकत जॉन बिडल्फ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९०७ साली छापलेल्या मलबारच्या चाच्यांवरच्या पुस्तकात सविस्तर दिली आहे. कॅथरीनचे वडील जेरार्ड कुक हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये तोफखान्याकडे होते. १७०९ साली हे कुटुंब 'लॉयल ब्लिस' नावाच्या जहाजाने इंग्लंडहून बंगालला परत निघालं. नवराबायको, एक मुलगा आणि दोन मुली. वारे उलटे लागले, प्रवास लांबला आणि ऑक्टोबरात जहाज कारवारच्या बंदरात शिरलं.

कारवारला तेव्हा कंपनीची वखार होती. तिचा प्रमुख जॉन हार्वे. वयाने उतरलेला, अंगाने व्यंग असलेला माणूस. पाहुण्यांचं त्याने मोठं आदरातिथ्य केलं. थोरली मुलगी कॅथरीन तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती आणि दिसायला फार सुंदर होती, असं त्या काळच्या लिखाणात आहे. हार्वेने तिला मागणी घातली, आईबापांना मोठमोठी आश्वासनं दिली. मुलीचं भलं होईल असं त्यांना वाटलं असेल, किंवा आपलं. जहाज पुढे निघालं तेव्हा कॅथरीन कारवारलाच राहिली, मिसेस हार्वे म्हणून.

मी अंबरनाथच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आठवी-नववीचे वर्ग माझ्याकडे आहेत. तेरा-चौदा वर्षं म्हणजे काय वय असतं ते मी रोज बघते. वेणीची रिबन हरवली म्हणून रडणाऱ्या, मधल्या सुट्टीत डब्यातली कैरीची फोड चौघींत वाटून खाणाऱ्या मुली. हे वाचल्यापासून वर्गात हजेरी घेताना कधी कधी मनात येतं, यांच्यातलीच एक होती ती.

इंग्रजांना नावं ठेवायचा मात्र आपल्याला अधिकार नाही हं. आपल्याकडे तेव्हा याहूनही लहान वयात मुली उजवत. फरक एवढाच, की आपली मुलगी सणावाराला माहेरी तरी यायची. हिचं माहेर शिडं उभारून निघून गेलं, आणि तिने ते किनाऱ्यावरून पाहिलं. कादंबरीतल्या नायिकेसारखी तीही किनाऱ्यावर उभी होती खरी, पण वाट बघायला तिला कोणी उरलं नव्हतं.

पुढे दोन-अडीच वर्षांतच हार्वे वारला. आता इथून हिशेब सुरू होतो.

कंपनीच्या नोकरांना पगार अगदी तुटपुंजा असे. खरी कमाई व्हायची ती त्यांच्या खाजगी व्यापारातून, आणि त्याला कंपनीची मुभा होती. त्यामुळे वखारीच्या प्रमुखाच्या वहीत कंपनीचा पैसा कुठला आणि त्याचा स्वतःचा कुठला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. माणूस गेला की वही मुकी होई. हार्वेच्या मालमत्तेचंही तसंच झालं. कंपनीने ती अडकवून ठेवली. हिशेब नक्की होईपर्यंत विधवेच्या हाती काही द्यायचं नाही, असा मामला.

त्याच सुमाराला थॉमस चाऊन नावाचा एक तरुण कंपनीचा कारकून वखारीत आला होता. काही महिन्यांतच कॅथरीनने त्याच्याशी लग्न केलं. इतक्या लवकर? असं आपल्या मनात येतंच. पण परक्या मुलुखात, पुरुषांनी भरलेल्या वखारीत, पंधरा-सोळा वर्षांच्या विधवेने काय करायचं होतं? आणि खरं सांगू? मला वाटतं, तिच्या तीन लग्नांत प्रेम म्हणावं असं काही असेल तर ते इथेच होतं. दोघंही तरुण होते. हक्क मागायलाही दोघं मिळून मुंबईला गेली.

हक्काचीही गंमत ऐका. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईचं पैसाअडका, दागदागिने सगळं नवऱ्याचं होई. म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या मागे विधवा म्हणून जे तिला मिळायचं, ते दुसऱ्या लग्नामुळे दुसऱ्या नवऱ्याच्या हाती जाणार. बाई नुसती वाटेतलं स्टेशन! इंग्लंडमध्ये हा कायदा १८८२ साली बदलला, म्हणजे कॅथरीननंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी.

१७१२ च्या नोव्हेंबरात चाऊन नवराबायको मुंबईहून कारवारला परत निघाली. कारवारच्या वखारीचं काम आता चाऊनकडे आलं होतं. 'ॲन' नावाचं छोटं जहाज, आणि सोबत संरक्षणाला मुंबईच्या गव्हर्नरची हत्यारबंद नौका. मुंबई सोडून फार लांब गेली नाहीत तोच आंग्र्यांच्या जहाजांनी त्यांना गाठलं.

आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबतं असत. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज, तळ उथळ, आणि नाळेवर पुढच्या बाजूला तोंड केलेल्या तोफा. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवर चालणारं. वारा पडला की इंग्रजांचं जहाज जागच्या जागी डुलत राहायचं. गलबतं मात्र वल्ही मारत गुराबांना ओढून नेमकी त्याच्या मागच्या अंगाला आणून सोडायची, जिथे त्याच्या तोफा कमी. त्या दिवशीच्या लढाईत एका गोळ्याने चाऊनचा हात उडाला. रक्त थांबेना. कॅथरीनच्या मांडीवर डोकं ठेवून त्याने प्राण सोडला. ती तेव्हा गरोदर होती.

कादंबरी इथे संपली असती. नायिकेने समुद्रात उडी घेतली असती आणि आपण पदराने डोळे टिपून चहाचं आधण ठेवलं असतं. पण खरी माणसं अशी संपत नाहीत. कॅथरीनला आणि जहाजावरच्या इतरांना कैद करून कुलाब्याला नेलं.

कान्होजींना इंग्रज चाचा म्हणत. आपल्याला शाळेत ते सरखेल म्हणून शिकवले, आणि मीही मुलींना तसंच शिकवते, कारण भांडण समुद्रावरच्या हक्काचं होतं. कोकणच्या किनाऱ्यावरून माल न्यायचा तर आमचा दस्तक घ्या, नाहीतर जहाज धरू, असं आंग्र्यांचं म्हणणं. पोर्तुगीज आधीपासून असेच परवाने देत आले होते. आमचा परवाना चालतो मग तुमचा का नाही, हा सवाल इंग्रजांना मान्य नव्हता. तेव्हा कान्होजींचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण दोन सत्ता समुद्राचा हिशेब करत होत्या, आणि मध्ये एक सतरा वर्षांची गरोदर मुलगी सापडली होती, हेही तितकंच खरं.

कुलाबा किल्ला तुमच्यातल्या पुष्कळजणींनी पाहिला असेल. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं, घोडागाड्याही असतात. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. गणपतीचं देऊळ आहे, पण ते नंतरचं, १७५९ सालचं, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. त्याही नंतरच्याच. आम्ही गेलो तेव्हा मुलं तोफेवर चढून फोटो काढत होती, आणि मी तटावरून पाण्याकडे बघत होते. दिवसातून दोनदा इथलं पाणी ओसरतं, वाट मोकळी होते, आणि पुन्हा भरते. साडेतीन महिने तिने तेच पाहिलं असेल. वाट समोर दिसते आहे, आणि जाता येत नाही.

मला बघून हे म्हणाले, "काय गं, एवढं काय बघतेस?" मी म्हटलं, "ओहोटी." ते म्हणाले, "मग लवकर आटप, भरती व्हायच्या आत परत जायचंय."

कैदेत तिला कसं वागवलं? क्लेमेंट डाउनिंग नावाच्या इंग्रजाने १७३७ साली छापलेल्या पुस्तकात लिहिलंय, की तिला सोडवून आणणाऱ्या अधिकाऱ्याला तिच्या अंगावर स्वतःचे कपडे घालावे लागले, इतकी तिची दशा झाली होती. लिहिणारा शत्रूपक्षातला, तेव्हा चिमूटभर मीठ घालूनच वाचायचं. पण आपल्या बाजूचं आहे म्हणून सगळं छानच असणार, असंही धरून चालू नये. माझ्या मनात दुसराच विचार येतो. त्याच किल्ल्याच्या आसपास आंग्र्यांच्या खलाशांचीही घरं असतील. त्या दिवशीच्या लढाईत त्यांचेही काही पुरुष गेले असतील. त्या कोळणी-भंडारणींची नावं ना इंग्रजांच्या वहीत आहेत ना आपल्या बखरीत. त्यांच्यातल्या एखादीने या गोऱ्या पोरीला पेज नेऊन दिली असेल का? मला आपलं वाटतं, दिली असेल. पोटुशी बाई दिसली की बाईचा हात आपोआप पुढे होतो.

१७१३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर विल्यम एस्लाबी आणि कान्होजी यांचा तह झाला. कान्होजींना तेव्हा घाटावरच्या राजकारणाची चिंता होती. ते ताराबाईंच्या बाजूचे, आणि शाहूमहाराजांचं बळ वाढत चाललेलं. पुढच्याच वर्षी बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहूंच्या बाजूला आले आणि सरखेलपद त्यांच्याकडेच राहिलं. अशा वेळी समुद्रावर शांतता असलेली त्यांना हवीच होती. लेफ्टनंट मॅकिंटॉश नावाचा अधिकारी तीस हजार रुपये घेऊन कुलाब्याला गेला आणि कैद्यांना सोडवून घेऊन आला. मुंबईला आल्यावर कॅथरीनला मुलगा झाला.

तीस हजार रुपये! तिच्या सुटकेसाठी रोख मोजले गेले. पण तिच्या हक्काचे पैसे तिच्या हातात ठेवताना हिशेब संपता संपत नव्हता.

मग तिसरं लग्न झालं. विल्यम गिफर्ड, कंपनीच्याच नोकरीतला एक तरुण, गव्हर्नरच्या मर्जीतला. १७१५ साली त्याची नेमणूक केरळच्या किनाऱ्यावर अंजेंगोला, वखारीचा प्रमुख म्हणून झाली. आज त्या गावाला अंचुतेंगू म्हणतात. तिथला किल्ला अजून उभा आहे. तिथली मिरी म्हणजे काळं सोनं. गिफर्डने खाजगी व्यापार जोरात केला आणि आजूबाजूच्या लोकांशी वैरही तितक्याच जोरात केलं. १७२१ च्या एप्रिलमध्ये अट्टिंगलच्या राणीला दरसालचा नजराणा द्यायला म्हणून तो सुमारे १४० माणसं घेऊन वाजतगाजत गेला, आणि त्याच्यासकट त्यांतली बहुतेक तिथे मारली गेली. इंग्रजांविरुद्ध या देशात झालेल्या अगदी सुरुवातीच्या उठावांपैकी हा एक. अंजेंगोच्या किल्ल्याला वेढा पडला, तो सहा महिने टिकला. त्याआधीच कॅथरीन आणि आणखी दोन इंग्रज बायका मुलाबाळांसह एका होडीतून मद्रासच्या दिशेने निघाल्या होत्या.

पंचविशीच्या आसपास ती तिसऱ्यांदा विधवा झाली. आणि आता पाहा गंमत. हार्वे गेला तेव्हा ती कंपनीकडे पैसे मागत होती. गिफर्ड गेला तेव्हा कंपनीच तिच्याकडे पैसे मागायला आली. तुझ्या नवऱ्याकडून येणं आहे, हिशेब पुरा झाल्याशिवाय इथून हलायचं नाही, असा तिला हुकूम झाला. म्हणजे घेणं असलं की बाईला कोणी ओळखत नाही, आणि देणं असलं की बरोबर तिचं दार सापडतं!

पण आता ती कारवारच्या किनाऱ्यावरची पोर राहिली नव्हती. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कॉमोडोर मॅथ्यूज तेव्हा या बाजूला आला होता, आणि त्याचं कंपनीशी मुळीच पटत नव्हतं. कॅथरीनने त्याच्या जहाजावर आसरा घेतला आणि कंपनीचा हुकूम बाजूला सारून इंग्लंडची वाट धरली. लोकांची तोंडं सुटली असणारच. परपुरुषाच्या जहाजातून गेली म्हणून. पण तेरा-चौदाव्या वर्षी तिला जहाजावरून उतरवलं होतं ते दुसऱ्यांनी ठरवून; आता ती चढली होती ती स्वतः ठरवून.

ही गोष्ट मी आमच्या शाळेतल्या एका सिंधी शिक्षिकेच्या घरी सांगितली होती. त्या उल्हासनगरला राहतात. त्यांच्या आजेसासूबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत, पण कान अगदी तिखट. उल्हासनगरचं मूळ तुम्हांला माहीतच असेल. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवलं. पुष्कळजण कराचीहून बोटीने मुंबईला उतरले होते. १९४९ साली या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना अजूनही कॅम्प एक, कॅम्प पाच असंच म्हणतात.

आजी नऊ-दहा वर्षांच्या असताना आईबरोबर अशाच बोटीने आल्या. वडील मागे राहिले ते राहिलेच. मी कॅथरीनची गोष्ट रंगवून सांगत होते. लढाई झाली, चाऊन मेला, सुनेने डोळे पुसले. आजी मात्र हूं की चूं करीनात. गोष्ट संपल्यावर त्यांनी हिंदी-मराठीच्या मिसळीत एकच विचारलं, "घर का कागद कोणाच्या नावावर होता? ते सांग पहिलं."

मग त्या आपल्या आईबद्दल बोलल्या. सिंधमध्ये सोडून आलेल्या घरादाराची भरपाई सरकारकडे मागायची सोय १९५० साली कायद्याने झाली. उल्हासनगरच्या जुन्या बायका अजून त्याला 'क्लेम' म्हणतात. आजींच्या आईला हवेलीच्या खिडक्या किती होत्या ते पाठ होतं, अंगणातली विहीर कुठल्या कोपऱ्यात ते ठाऊक होतं. पण तिला सही येत नव्हती आणि कागद काय होते ते तिला कोणी कधी दाखवलेच नव्हते. क्लेम भरला तो नात्यातल्या एका पुरुषाने. जे आलं ते त्याच्या हातून आलं, आणि कितीतलं किती आलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. बराकीत बसून पापड लाटून तिने तीन मुलं वाढवली. आजी म्हणाल्या, "माँने पापड का हिसाब मात्र कधी कोणाच्या हाती दिला नाही. भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवायची."

मी घरी येताना लोकलमध्ये उभी होते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझी आई आली.

माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर दोन वर्षांतच गेले. माणूस सज्जन, घरात कशाची कमी पडू दिली नाही. दर महिन्याला पगारातून घरखर्चाचे पैसे आईच्या हातात. बाकी सगळं कपाटाच्या लॉकरमध्ये, आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. आई कौतुकाने सांगायची, "मला काही बघावं लागत नाही हो." ते गेल्यावर बँकेच्या खिडकीपाशी आईला पहिला प्रश्न विचारला गेला तो, "तुमचा मुलगा नाही का आला?" आम्ही दोघी बहिणीच. ठेवी कुठे किती, कळायला चार महिने. एका खात्यावर नॉमिनी म्हणून आत्याचं नाव, लग्नाआधीचं, तसंच राहिलेलं. फ्लॅटचा दाखला सोसायटीत, सोसायटीचे चिटणीस गावाला. सगळं मार्गी लागायला चौदा महिने गेले. पैसे मिळाले, पण त्या चौदा महिन्यांत आईचं जे झालं ते मी विसरू शकत नाही. नवऱ्यासाठी रडायला तिला वेळच मिळाला नाही. रडू आलं की कोणता तरी फॉर्म समोर यायचा. एकदा ती मला म्हणाली, "अगं, त्यांची आठवण काढायला बसले तरी डोळ्यांपुढे खाते नंबरच येतात."

कॅथरीनची गोष्ट मला इतकी का लागली, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. तीनशे वर्षांपूर्वीची मडम, ऐंशी वर्षांपूर्वीची सिंधी आई आणि परवापरवाची माझी आई. एकीच्या वाट्याला तोफा, दुसरीच्या वाट्याला फाळणी, तिसरीच्या वाट्याला फक्त एक रात्रीचा हार्ट ॲटॅक. पण तिघींनाही नंतर जो प्रश्न विचारला गेला तो एकच: कागद कुठाय?

आपल्याला तर आज कायद्याची साथ आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. एवढं कॅथरीनला मिळालं असतं तर तिने काय केलं नसतं! पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. कोणतं खातं, कोणती ठेव, कोणतं कर्ज, हे माहीत नसेल तर वाटा मागायचा तो कशातला? आणि बँकेतल्या ठेवीवर नॉमिनी म्हणून ज्याचं नाव असतं तो पैसे हातात घेतो, मालक होतोच असं नाही, हेही पुष्कळजणींना ठाऊक नसतं.

तेव्हा एक करा. घरातली जुनी शंभर पानी वही घ्या. तिच्यात बँकेची खाती, विम्याच्या पॉलिसी, प्रॉव्हिडंट फंड, घराचा दाखला, गावाकडचा सातबारा, घेतलेलं कर्ज आणि कोणाला दिलेले हातउसने, सगळं दोघांनी बसून लिहून काढा. तुमचंही आणि ह्यांचंही. प्रत्येकापुढे नॉमिनी कोण ते लिहा. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी एकदा ती वही पुरी करा. "हे काय अभद्र?" असं घरात कोणी म्हणालंच, तर सांगा, विम्याचा हप्ता भरताना आपण अभद्र म्हणतो का?

आमच्याकडे वही झाली. हे आधी हसले, मग स्वतःच चष्मा लावून बसले, आणि रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं लिहीत होतो. मधे दोनदा चहा झाला. लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतलेल्या पाचशे रुपयांच्या सर्टिफिकेटची आठवण निघाली, आणि ते कोणाच्या सल्ल्याने घेतलं यावरून लटकं भांडणही झालं. बारा वर्षांच्या संसारात इतक्या निवांत गप्पा आम्ही क्वचितच मारल्या असतील. प्रेमाची गोष्ट म्हणतात ती याहून फार वेगळी असते, असं मला तरी वाटत नाही.

चाऊन आणि कॅथरीन हक्क मागायला जोडीने मुंबईला गेली होती ना, तेव्हा जहाजावर शेजारीशेजारी बसून त्या दोघांनीही असेच आकडे मांडले असतील. मला त्यांच्या आयुष्यातला तेवढाच प्रवास पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर आणावासा वाटतो.